घरी जायची भीती वाटते का?

मला वाचवलं ते बीपीच्या खोलीतल्या सिस्टरनी. हे आधीच लिहून टाकते. पुढं लिहिता लिहिता राग भलतीकडं गेला, तरी आभार कुणाचे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना चालणार नाही. "माझं नाव पेपरात एकदाच छापून यायचंय, आणि ते वाचायला मी नसणार," असं त्या म्हणतात.

त्या नारायण पेठेतल्या. उंची कमी, बोलणं त्याहून कमी, आणि कौतुक तर औषधालासुद्धा नाही. "दंड मोकळा करा," आणि काम झालं की "उठा." ओपीडीच्या बाकावरच्या बायका एकमेकींना सांगायच्या, "त्या खडूस सिस्टरकडं जायचंय गं, आधी पाणी पिऊन घे." मीसुद्धा घाबरायची. आजही घाबरते. हे लिहिलेलं त्यांच्या हाती पडलं तर काय म्हणतील, या विचारानं पहिलं पान मी एकदा फाडून टाकलं होतं.

मी आठवीपर्यंत शिकले. आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडं. पुण्याहून नागपूरची गाडी, तिथून एक एसटी, मग आणखी एक एसटी, आणि उतरल्यावर कुणाची बैलगाडी नाहीतर मोटारसायकल मिळाली तर ठीक. माहेर इतकं दूर, की भांडणात "मी चालली माहेरी" असं म्हणायचीही सोय नव्हती. म्हटलं असतं तर तोच हसला असता.

तो म्हणजे माझा नवरा. आमच्याच जिल्ह्यातला. पुण्यात एका गोडाऊनमध्ये कामाला, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमची खोली होती. आजूबाजूला भंडारा, यवतमाळ, नागपूरचीच माणसं. सगळ्यांना सगळं ऐकू जायचं. सकाळी नळावर बायका माझ्याकडं बघून डाळ किती महाग झाली ते बोलायच्या.

पहिल्यांदा मनगट सुजलं तेव्हा त्यानंच मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या हाताकडं बघत होते आणि विचारत त्याला होते.

"काय झालं?"

"पडली जी. फरशी ओली होती."

दुसऱ्या खेपेला बरगडी, तेव्हाही फरशीच ओली होती. तिसऱ्या वेळी ओठ फाटला, तर डॉक्टर टाका घालता घालता हसून म्हणाले, "तुमच्याकडं फरशी फारच ओली राहते हो. जरा पुसत जा."

नवरा हसला. मला ओठामुळं हसता आलं नाही. घरी येताना मनात एकच गोष्ट फिरत होती. डॉक्टरांना कळलंय. न कळणारा माणूस असा विनोद करत नाही. आणि कळूनही त्यांनी त्या गोष्टीचा विनोदच केला. मला वाटायचं, कुणाला माहीत नाही म्हणून कुणी मदत करत नाही. त्या दिवशी तोही आधार गेला.

मग दिवस राहिले, आणि मी मोठ्या दवाखान्यात जायला लागले. तिथं गरोदर बायकांचा वार ठरलेला असायचा. व्हरांड्याच्या मधोमध एक लांबलचक बाक. ज्या क्रमानं आलात त्या क्रमानं बसायचं, आणि टोकाची बाई आत गेली की सगळ्यांनी एकेक जागा पुढं सरकायचं. पाठीमागं नवरे, सासवा, नणंदा उभ्या.

एका वारी एक तरुण सिस्टर हातात कागद घेऊन बाहेर आल्या. वरून नवा आदेश आला होता म्हणे, की प्रत्येक गरोदर बाईला घरच्या मारहाणीबद्दल विचारायचं. बायका शंभरएक, सिस्टर एकट्या, आणि दुपारच्या आत ओपीडी उरकायची. त्यांनी गर्दी बघितली, कागद बघितला आणि मोठ्यानं विचारलं:

"कुणाला घरी मारहाण, शिवीगाळ, हुंड्याचा त्रास वगैरे आहे का? असेल त्यांनी थांबा. नसेल त्यांनी पुढं सरका."

मग मागून एक सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं नाही हो असलं काही. सून लेकीसारखी आहे."

"आजी, तुम्हाला नाही विचारलं."

"मग कुणाला विचारलं? ती काय वेगळं सांगणाराय?"

पुढच्या बायका हसल्या, आणि बाक सरकायला लागला. माझ्या शेजारी एक काळीसावळी पोरगी होती. तिच्या गळ्याच्या खाली पिवळट होत आलेला डाग होता. पिवळा डाग म्हणजे किती जुना, ते मला कळत होतं. ती सरकली. आता माझ्या आणि तिच्या मधे एका माणसाची जागा रिकामी होती. मी सरकले नसते तर सगळ्यांनी त्या रिकाम्या जागेकडं बघितलं असतं. माझ्या खांद्यामागं त्याचा हात बाकाच्या पाठीवर होता. मी सरकले.

सिस्टर आत जाताना दुसरीला म्हणाल्या, "झालं गं. सगळ्या निल, एकही नाही."

त्या सिस्टर दुष्ट नव्हत्या. मला एकदा चक्कर आली तेव्हा त्यांनीच आपल्या डब्यातली चिक्की दिली होती. पण तो बाक मी विसरू शकत नाही. अख्ख्या बाकानं एका दमात सांगितलं, की आमच्या घरी सगळं बरं आहे. आणि ते लिहूनही घेतलं गेलं.

बीपीची खोली त्या बाकाच्या टोकाला होती. लहान, जुन्या फायली ठेवायच्या खोलीएवढी. आता ती नाही. आता व्हरांड्यात टेबल आहे, बटण दाबायचं मशीन आहे, आणि बीपीचा आकडा सगळ्या बाकाला ऐकू येतो. तेव्हा खोली होती आणि खोलीत एकच स्टूल होतं. सिस्टर स्वतः उभ्या राहून बीपी घ्यायच्या. पाय दुखत असणार, पण दुसरी खुर्ची त्यांनी कधी आत येऊ दिली नाही. ते का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. वाटायचं, काय हा दवाखाना, एक खुर्ची नाही यांच्याकडं.

माझा नवरा माझ्या मागोमाग आत आला.

"अहो, कुठं?" सिस्टर म्हणाल्या.

"हिच्यासोबत आहे जी."

"दिसतंय. आत स्टूल एकच आहे. तुम्ही काय यांच्या मांडीवर बसणार?"

"उभा राहतो ना."

"उभी मी आहे. बाहेर व्हा. पंखा बाहेरच आहे."

तो गेला. कुणी त्याला असं बोलताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि याचा राग घरी माझ्यावर निघणार, हे मी तिथंच धरून चालले. सिस्टरनी पट्टा बांधला, हवा भरली, कानाला नळ्या लावल्या. मग त्या नळ्या काढून अगदी हळू, भाजीचा भाव विचारावा तशा म्हणाल्या:

"घरी जायची भीती वाटते का?"

मारतो का, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर पाठ होतं. फरशी ओली होती. याचं उत्तर पाठ नव्हतं.

"नाही जी," मी म्हटलं.

"बरं. पुढच्या वेळी परत विचारीन. सगळ्यांनाच विचारते. उठा."

पुढच्या वेळीही विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं, त्याही पुन्हा बरं म्हणाल्या. रागावल्या नाहीत, खोदून विचारलं नाही. पण घरी गेल्यावर पोळ्या लाटताना तो प्रश्न यायचा. भांडी घासताना यायचा. गल्लीत त्याच्या चपलांचा आवाज आला की हमखास यायचा, आणि मी मनात उत्तर द्यायची.

पाचव्या महिन्यात माझ्या भावाचा फोन आला. गावाकडच्या कुणाच्या तरी फजितीची गोष्ट तो सांगत होता आणि मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून जरा मोठ्यानं हसले असेन. फोन ठेवला तेव्हा नवरा मागं उभा होता. "काहून वं, माझ्यावर हसून राहिली का तुम्ही दोघं?" म्हणाला आणि डाव्या कानाखाली मारलं. आधी शिट्टी वाजली. मग त्या बाजूचं पुणं बंद झालं.

त्या वारी बीपीच्या खोलीत सिस्टर माझ्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले तशी मी मान फिरवून उजवा कान त्यांच्याकडं केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पट्टा सोडला, फिरून उजव्या बाजूला आल्या, आणि वाकून तोच प्रश्न विचारला.

दाराखालच्या फटीतून बाहेर त्याच्या चपला दिसत होत्या.

"हो जी," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी मोठं होईल. त्या अगंबाई म्हणतील, डोक्यावरून हात फिरवतील. त्या म्हणाल्या, "बरं. उठू नका," आणि ओपीडीच्या मॅडमना बोलवायला गेल्या.

मॅडम आल्या त्या घाईतच. चांगल्या डॉक्टर, हाताला गुण होता. दोघी दारात बोलत होत्या.

"सिस्टर, आपलं काम आई आणि बाळ. नवरा-बायको हे खातं आपलं नाही."

"आई हीच आहे, मॅडम. दुसरी कुठून आणू?"

"बाहेर किती बसल्यात बघा. एकेकीला घर कसं चाललंय विचारत बसलं तर बाळंतपणं कोण करणार? तुम्ही?"

"केलीत ना. तुमच्या जन्माच्या आधीपासून करतेय."

मॅडमनी माझा कान बघितला, बीपी बघितलं आणि निरीक्षणासाठी दाखल करून घेतलं. बीपी खरंच चढलेलं होतं. सिस्टर मला म्हणाल्या, "खोटं बोलायची वेळ आली नाही. तेवढं काम तुम्हीच केलंत." त्यांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला विनोद. मला तेव्हा तो विनोद आहे हेही कळलं नाही, मी म्हटलं, "चुकलं जी."

वॉर्डात तो मोसंबी घेऊन आला. सोलली, एकेका फोडीची पांढरी साल काढली आणि मला भरवली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई बघत होती. म्हणाली, "दिवा घेऊन शोधलं तरी असा जावई मिळायचा नाही. माझा बघा, लेक वॉर्डात आणि हा अजून पार्किंगमध्येच." वॉर्डच्या सिस्टरही म्हणाल्या, "नशीबवान आहेस हो." मी फोडी गिळत होते. नाही म्हणून कुणाला सांगणार? त्याच्या हातात मोसंबी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड आला. मोठे सर, ओपीडीच्या मॅडम, दोन शिकाऊ डॉक्टर, आणि वॉर्डच्या हेड सिस्टर. शिकाऊ मुलीनं सांगितलं, "सर, कानाचा पडदा फाटलाय. ऐकू येत नाही." कुठल्या कानानं, ते तिनं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मी डाव्या कुशीवर होते. उजवा कान वर होता. सगळे माझ्या पायाशी उभे राहून बोलले.

"सर, मारहाण म्हणून लिहायचं का?" मुलीनं विचारलं.

"लिही की. मग पोलीस येतील, मग कोर्ट बोलवेल. साक्षीला तू जाणार? तेव्हा तू कुठल्या गावाला असशील?"

दुसरा शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "पण सर, विचारायचं असा आदेश आहे ना?"

"विचारायचं असा आहे. हो म्हणाली तर पुढं काय करायचं, ते आहे का त्यात? कुठं पाठवणार हिला? तुझ्या होस्टेलवर?" सर चिडलेले नव्हते. थकलेले वाटत होते. "ज्या रोगावर आपल्याकडं औषध नाही तो कशाला शोधायचा? पेशंटचाही घोळ, आपलाही."

मॅडम म्हणाल्या, "मला तर विचारायचीच लाज वाटते, सर. चांगल्या घरची बाई समोर बसलेली असते, तिला कसं विचारायचं, नवरा मारतो का म्हणून?"

"मग हिला विचारा."

"हिला सिस्टरनी विचारलंय."

"मग झालं तर."

हेड सिस्टर म्हणाल्या, "सर, या बाहेरगावच्या बायकांचं नेहमीचंच आहे. आज रडतात, उद्या त्याच्याच गाडीवर मागं बसून जातात. वाईट होतो आपण." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि आमच्यातल्या कुणाकुणाच्या घरी काय कमी आहे? आम्ही कुणाला सांगतो?"

सर म्हणाले, "चला, पुढचा बेड." सगळे सरकले. हेड सिस्टर मागं राहिल्या आणि माझी चादर नीट करू लागल्या. चादर नीटच होती.

मी पडून राहिले. ते जे बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मला खरंच कुठं पाठवणार होते? मीही उद्या त्याच्या गाडीवर मागं बसून जाणारच होते, दुसरं काय ठाऊक होतं मला? फक्त एवढंच वाटलं, की एकदा माझ्या उशाशी येऊन हेच बोलले असते, मला ऐकू येतंय असं धरून, तर मी म्हटलं असतं, बरोबर आहे जी तुमचं. त्यांच्या अडचणी मला समजल्या असत्या. आमच्याकडं अडचणी समजून घ्यायची सवय असते.

दुपारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत गेले तर तो आधीच खुर्चीत बसलेला. मॅडमनी खास वेळ काढला होता. बाहेर पेशंट ताटकळत ठेवून त्या आमचा संसार सावरणार होत्या. चांगल्या मनानं, हे मी आजही मानते.

"हे बघा," त्या त्याला म्हणाल्या, "तुमच्या मिसेस म्हणतात, तुम्ही हात उचलता. घरी जायची त्यांना भीती वाटते. खरंय का हे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. फार नाही, पापणी लवायला लागते तेवढंच. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चूक झाली जी मॅडम. एक खेप झाली. कामाचं टेन्शन राहते. आईची शपथ, आता नाही होणार."

"बघा, कबूल तरी करतात. सगळे करत नाहीत," मॅडम मला म्हणाल्या. "आणि टाळी एका हातानं वाजत नाही. तुम्हीही जरा सांभाळून घ्या. बाळ आलं की सगळं सुरळीत होतं. काय?"

"हो जी," मी म्हटलं. जे मी एका बंद खोलीत, पट्टा बांधलेला असताना, हळूच सांगितलं होतं, ते आता त्याच्या हातात होतं. मॅडमनीच दिलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांनी माझा डिस्चार्ज लिहिला.

व्हरांड्यात तो माझ्या उजव्या बाजूला आला. कोणता कान चालू आहे ते त्यालाच नीट ठाऊक होतं. पिशवी घेतली, खांद्यावर हात ठेवला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडं बघत हसऱ्या तोंडानं म्हणाला, "घरी चाल. मग पाहतो तुले."

आम्ही बाकापाशी पोचलो तेवढ्यात बीपीच्या खोलीचं दार उघडलं.

"डिस्चार्जच्या पेशंट ना? बीपी राहिलंय."

"वॉर्डात घेतलं जी," तो म्हणाला.

"वॉर्डातलं वॉर्डात. इथलं इथं."

"घाई आहे जरा, रिक्षा थांबवली आहे."

"रिक्षावाले थांबतात. मीटर चालू असलं की आनंदानं थांबतात."

दार लागलं. सिस्टरनी पट्टा हातात घेतलाच नाही. "केबिनमध्ये काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. ओठ इतके घट्ट दाबले की पांढरे पडले. मला वाटलं माझ्यावरच रागावल्या.

"माझं चुकलं जी."

"तुमचं नाही. गप्प बसा." मग उजव्या बाजूला आल्या. "घरी जायची भीती वाटते का?"

"हो जी. आता जास्त."

"मग जायचं आहे का?"

भीती वाटते हे मला ठाऊक होतं. पण जायचं की नाही, हेही कुणी मला विचारू शकतं, हे ठाऊक नव्हतं. मी घाबरून भलतंच बोलायला लागले. भाऊ काय म्हणेल, गावात काय सांगायचं, बाळाला बापाचं नाव, खोलीवर माझी भांडी आहेत, कुकर माहेरचा आहे. सिस्टर ऐकत राहिल्या.

"कुठं जाऊ जी मी?"

"ते मी बघते. तुम्ही फक्त हो की नाही सांगा. माझ्या मनानं मी काही करणार नाही. नाहीतर लोक म्हणतील, सिस्टरनं बाई पळवली."

त्यानं बाहेरून दार वाजवलं. आधी बोटानं. मग हातानं.

"नाही जायचं," मी म्हटलं. आवाज निघाला की नाही, मला समजलं नाही. त्यांना समजला.

सिस्टरनी दार पूर्ण उघडलं, सगळ्या बाकासमोर. "त्या येणार नाहीत," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तो जो ओरडला, तो त्याचा खरा आवाज होता. आमच्या गल्लीबाहेर पुण्यात तो पहिल्यांदाच कुणी ऐकला असेल. गोड बोलणं, मोसंबी, सगळं गळून पडलं. गेटवरचे वॉचमन मामा आले आणि लांबच थांबले.

"नवरा-बायकोचं आहे सिस्टर. आपण कशाला मधे?"

"मग तुम्हाला ठेवलंय कशाला? शोभेला?"

मामा ओशाळले आणि त्याच्या नि माझ्या मधे येऊन उभे राहिले. बाकावरच्या बायका बघत होत्या. एक म्हणाली, "पाच महिन्यांची पोटुशी आणि ही थेरं." दुसरी म्हणाली, "सिस्टरला संसार नाही, त्यांना काय कळणार?" सिस्टरनी लग्न केलेलं नव्हतं, हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी मान वळवली नाही.

त्यांनी बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताईंना फोन केला. ताईंनी कर्वेनगरमध्ये राहायची सोय केली. रिक्षात सिस्टर माझ्याबरोबर गणवेशातच बसल्या. मी मागं वळून वळून बघत होते, प्रत्येक मोटारसायकल मला त्याचीच वाटत होती. नदी ओलांडल्यावर सिस्टर म्हणाल्या, "पुढं बघा. मागं मी बघतेय."

त्यानं तक्रार केली. बीपीच्या सिस्टरनं माझी बायको फूस लावून पळवली, अशी. चौकशी बसली. तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं, असा त्यांना प्रश्न आला. ज्यांच्याकडून विचारा म्हणून आदेश आला होता, त्यांनीच विचारलं, की का विचारलंत? सिस्टरना ओपीडीतून काढून कपड्यांच्या भांडारात बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या चादरी आणि उशांचे अभ्रे देत-घेत राहिल्या. 

हे ताईंकडून कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या कचेरीत गेले. पोट पुढं आलेलं, जिना चढताना धाप लागत होती, आणि तो कुठं दिसेल म्हणून प्रत्येक वळणावर थांबून बघत होते. क्लार्कना म्हटलं, "सिस्टरच्या चौकशीत मला सांगायचं आहे जी. मी माझ्या मनानं गेली होती."

"तुमचा काय संबंध?"

"मीच ती बाई."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही पार्टी आहात. मग तुमचं कसं ऐकता येईल? तुम्ही त्यांच्याच बाजूनं बोलणार."

"पण झालं ते मलाच ठाऊक आहे ना जी."

"बोलावलं तर या." कुणी बोलावलं नाही.

परत येताना जिन्यात ओपीडीच्या मॅडम भेटल्या. रोज इतक्या बायका बघतात, सिस्टरच्या चौकशीतली बाई मीच, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. केबिनमधली तेवढी आठवली. "अगं, किती छान तब्येत झालीय! बघ, म्हटलं नव्हतं मी? समजुतीनं घेतलं की सगळं मार्गी लागतं." मी म्हटलं, "हो जी." त्या घाईनं खाली उतरल्या. असं वाटतं, त्या अजूनही माझी गोष्ट कुणाला तरी सांगत असतील. आपण वाचवलेला एक संसार म्हणून.

माझी मुलगी आता बालवाडीत जाते. मी कर्वेनगरला मुलींच्या मेसमध्ये पोळ्या करते. डावा कान तसाच आहे. ताईंच्या मदतीनं त्याच्यावर केलेली केस अजून चालू आहे, तारखेला तो समोर बसतो आणि मी मान फिरवून डावा कान त्याच्याकडं करते. विश्रांतवाडीची पाटी लावलेली बस समोर आली, की चढायची नसली तरी मी दोन पावलं मागं होते.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी नारायण पेठेत जातो. सिस्टर मला कामाला हात लावू देत नाहीत. केर काढायला घेतला तर म्हणतात, "आमच्याकडं बाई आहे. तुम्ही पाहुण्या आहात, पाहुण्यासारख्या बसा." माझ्या मुलीला मात्र त्यांच्या घरात सगळीकडं जायची मुभा आहे. दोन्ही गुडघे गेलेत त्यांचे. जिना उतरताना आधी एक पाय, मग कठड्याला धरून दुसरा. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. त्या टाळतात. एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिथं माणसाला कसं ठेवतात ते मी आयुष्यभर बघितलंय. आणि जवळचं कोण म्हणून कुणाला उभं करू? भाचा बंगळूरला." मग लगेच विषय बदलला. मुलीला शेंगदाण्याचा लाडू दिला.

तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून इथं लिहिते. सिस्टर, ज्या दिवशी तुम्ही ऑपरेशनला हो म्हणाल, त्या दिवसापासून मेसला माझी सुट्टी. रात्रंदिवस तुमच्या खाटेशी मी बसेन. पायाशी उभं राहून कुणी तुमच्याबद्दल बोलायला लागलं, तर मी सांगेन, यांना ऐकू येतं, यांच्याशीच बोला. घाबरेन, तरी बोलेन. आणि पेशंटबरोबर कोण आहे, असं कुणी विचारलं की मी उठून पुढं होईन. हे मी कधीतरी फेडणार आहे, सिस्टर. तुम्ही रागावलात तरी फेडणार आहे.